लिकूखालचं गोंदण

संग्रहालयाच्या खणात एक झालर ठेवलेली असते. जास्वंदीच्या कुळातल्या वाऊ नावाच्या झाडाची साल सोलून, भिजवून, तिचे धागे काढून ते एका विणलेल्या पट्ट्याला ओळीने बांधलेले असतात. काही धागे तांबूस, काही काळेभोर. शेजारच्या चिठ्ठीवर बहुतेकदा ‘गवताचा घागरा, फिजी’ एवढंच लिहिलेलं असतं. खरं तर त्यात गवताचं पातंही नसतं. विणणारीचं नाव, बेटाचं नाव, नेसणारीचं वय यातलं काहीही चिठ्ठीवर नसतं.

या वस्तूचं नाव लिकू. एकोणिसाव्या शतकात फिजीतल्या मुलीला ती मिळायची ती एक मोठी गोष्ट पार पडल्यावर. वयात येताना मुलीचं गोंदण व्हायचं. ते कमरेखाली असायचं आणि लिकू त्यावर नेसायची. म्हणजे खणात आहे ते झाकण. त्याखालचं गोंदण त्या त्या बाईबरोबर मातीत गेलं.

२०१५ साली सात जणी या गोंदणाच्या शोधाला लागल्या. सगळ्या फिजियन वंशाच्या आणि सगळ्या फिजीबाहेर राहणाऱ्या. पाच कलाकार होत्या: जोआना मोनोलागी, मार्गारेट ऑल, लुइसा तोरा, डल्सी स्टुअर्ट आणि डोनिटा हुल्म. प्रदर्शनाच्या मांडणीची जबाबदारी तारिसी वुनिदिलो आणि एमा ताव्होला या दोघींकडे होती. कामाचं नाव त्यांनी ‘द वेइंगिया प्रोजेक्ट’ असं ठेवलं. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, ऑकलंडच्या सेंट पॉल स्ट्रीट गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. प्रकरण एवढंच आहे. तरीही पूर्वजांचं ज्ञान आणि आजची कला यांचं नातं कसं जुळवावं याचा इतका विचारी नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही, म्हणून तो सविस्तर मांडते आहे.

आधी शब्द

वेइंगिया हा शब्द रोमन लिपीत लिहिताना ‘इंग’ या उच्चारासाठी क्यू हे एकच अक्षर वापरतात. ही लेखनपद्धती १८३५ साली लाकेम्बा बेटावर उतरलेल्या मेथडिस्ट मिशनऱ्यांनी बसवली. फिजियन माणसाच्या कानाला जो एक आवाज वाटतो त्याला एकच अक्षर द्यायचं, हा त्यांतल्या डेव्हिड कार्गिल यांचा निर्णय भाषेच्या अंगाने उत्तमच होता. पण ज्या चर्चने हा शब्द लिहायची सोय केली, त्याच चर्चच्या दबावाखाली पुढच्या दोन पिढ्यांत ही प्रथा संपली.

शब्दाच्या सुरुवातीचा ‘वेइ’ महत्त्वाचा आहे. फिजियन भाषेत तो परस्परांत, मिळून होणाऱ्या क्रियेला लागतो. त्यामुळे वेइंगिया म्हणजे केवळ कातडीवरची नक्षी नव्हे. ते दोघींमध्ये, अनेकींमध्ये घडणारं काहीतरी असतं. नक्षीला वेगळा शब्द आहे, वेनिंगिया. गोंदणारी ती दाउम्बाती. ‘दाउ’ म्हणजे त्या कामात मुरलेली व्यक्ती आणि ‘बाती’ म्हणजे दात, अवजाराचा दात. तो दात लिंबाच्या काट्याचा, हाडाचा किंवा कासवाच्या कवचाचा असे. दांडीला बांधलेला हा दात कातडीवर टेकवायचा आणि वरून हलके ठोके द्यायचे. रंग काजळीचा.

हे सगळं गावापासून बाजूला, गुहेत किंवा एकांतातल्या झोपडीत चाले. पुरुषांना तिथे मज्जाव होता. गोंदणारी बाई, गोंदून घेणारी मुलगी आणि ते पाहणाऱ्या बायका, एवढंच ते जग. दाउम्बातीला मोबदला मिळे तो मासीचा, म्हणजे झाडाच्या सालीपासून कुटून केलेल्या कापडाचा, लिकूचा किंवा ताम्बुआचा. ताम्बुआ म्हणजे देवमाशाचा दात, आजही फिजीतली सर्वांत मोलाची भेट. कमरेखालच्या नक्षीखेरीज काही जणींच्या ओठांच्या कडेला आणि बोटांवरही खुणा असत. तेवढ्याच गावाला दिसत.

मुद्दाम ‘गोंदण’ हा शब्द वापरते आहे. आपल्याकडे आजीच्या पिढीतल्या बायका सांगायच्या की दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. फिजीतली समजूत याहून धारदार होती. मिशनरी थॉमस विल्यम्स यांनी १८५८ साली नोंदवलं आहे की गोंदण न करता मेलेल्या बाईला परलोकात इतर बायकांचे आत्मे गाठतात आणि टोकदार शिंपल्यांनी फाडतात. मृत्यूनंतरही ओळख विचारणाऱ्या बायकाच. हा सगळा कारभार पहिल्यापासून शेवटपर्यंत बायकांच्या हातात होता, आणि शिक्षासुद्धा त्यांच्याच हातून.

सामोआत एक कथा सांगतात. ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीतून गोंदणाची अवजारं घेऊन पोहत निघाल्या. ‘बायकांना गोंदा, पुरुषांना नको’ हे गाणं त्या वाटभर म्हणत होत्या. मध्येच एका शिंपल्यासाठी बुडी मारली, वर आल्या तेव्हा गाण्यातले शब्द उलटे झाले होते. म्हणून सामोआत पुरुषांचं गोंदण मोठं. शेजारच्या बेटांनीही फिजीची आठवण बायकांच्या गोंदणाचा देश म्हणूनच ठेवली. तरीही आज जगभर पॉलिनेशियन गोंदणाचं कौतुक होतं तेव्हा सामोआ, ताहिती, न्यूझीलंड ही नावं येतात. फिजीचं येत नाही.

ज्ञान तुटतं कसं

बंदीचा एखादा हुकूम निघाला आणि प्रथा थांबली, असं झालेलं नाही. १८५४ मध्ये म्बाऊचा बलाढ्य सरदार थाकोम्बाऊ ख्रिस्ती झाला आणि गावंच्या गावं चर्चमध्ये गेली. लिकू जाऊन सुती कापड आलं. मुलीला लिकू मिळणार नसेल तर त्याआधीचं गोंदण कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला असणार. प्रथा मोडायची तर तिच्याशी बांधलेली वस्तू काढून घेतली तरी पुरतं. ऑक्टोबर १८७४ मध्ये बेटं ब्रिटिश मुकुटाकडे गेली. लगेच १८७५ च्या सुरुवातीला सिडनीहून परतलेल्या जहाजातून गोवर आला. सुमारे दीड लाखाच्या लोकसंख्येतली ४० हजारांच्या आसपास माणसं काही महिन्यांत गेली. तोंडी विद्येच्या समाजात अशी साथ म्हणजे ग्रंथालय जळण्यासारखं. त्या वर्षी किती दाउम्बाती गेल्या असतील?

गोवराच्या त्याच वर्षी अनातोल फॉन ह्यूगल नावाचा तरुण फिजीत आला. पहिला निवासी गव्हर्नर आर्थर गॉर्डन हाही त्याच वर्षी आला. दोघांनीही झपाट्याने वस्तू गोळा केल्या. फॉन ह्यूगल व्हिती लेव्हू या फिजीच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या डोंगराळ भागात फिरला, लिकू आणि गोंदणाची अवजारं जमवली, नोंदी आणि रेखाटनं केली. १८८३ मध्ये तो केंब्रिज विद्यापीठाच्या संग्रहालयाचा पहिला क्युरेटर झाला आणि तो संग्रह तिकडे गेला. त्याआधी १८४० मध्ये अमेरिकेच्या नौदल मोहिमेने नेलेल्या फिजीच्या वस्तू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहेत. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये फिजीचा मोठा संग्रह आहे. ऑकलंडमध्येही आहे.

सामान फिजीबाहेर गेलं ते असं, आणि त्याच्या मागोमाग शंभरेक वर्षांनी माणसं गेली. शिक्षण, नोकरी, लग्न, आणि १९८७, २००० व २००६ च्या बंडांनंतरची अस्वस्थता यामुळे फिजीतून ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेनकडे स्थलांतर वाढत गेलं. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे २० हजार लोकांनी स्वतःची नोंद फिजियन अशी केली (फिजी-भारतीय तिथे वेगळे मोजतात). माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. परदेशातल्या मुलामुलींना मुळांपासून तुटलेलं म्हणायची आपली सवय असते. पण वेइंगियाच्या बाबतीत, मुळांचा जो भाग वस्तुरूपाने उरला आहे तोही परदेशातच आहे, आणि या मुली त्याच्या जास्त जवळ राहतात. फिजीतल्या खेड्यातल्या बाईला केंब्रिजच्या खणापर्यंत पोचणं अवघड. ऑकलंडमधल्या बाईला निदान ऑकलंडचं संग्रहालय बसच्या अंतरावर आहे.

पेच

सातही जणींची पार्श्वभूमी वेगवेगळी होती, हे या कामाचं बळ होतं. मोनोलागी वयाने आणि हाताच्या कसबाने वडीलधाऱ्या. मासी आणि विणकाम यांत मुरलेल्या. ऑल या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, आणि फिजियन अशा दोन्ही वंशांच्या, चित्रकार. माओरी समाजात हनुवटीवरच्या बायकांच्या गोंदणाचं पुनरुज्जीवन त्यांनी जवळून पाहिलेलं असणार. तोरा फिजीतच वाढलेल्या, पत्रकारिता आणि हक्कांच्या चळवळीतून कलेकडे आलेल्या. ब्रिस्बेनच्या स्टुअर्ट जुनी छायाचित्रं आणि दप्तरं यांत रमणाऱ्या, सिडनीच्या हुल्म लेखिका. वुनिदिलो पुरातत्त्व आणि संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासक. ताव्होला फिजीची राजधानी सुवा इथे जन्मलेल्या, वडील फिजियन आणि आई न्यूझीलंडची. दक्षिण ऑकलंडच्या ओतारा भागात त्यांनी वर्षानुवर्षं पॅसिफिक कलाकारांसाठी गॅलरी चालवली होती.

आता त्यांच्यापुढचा पेच पाहा. शिकवायला एकही दाउम्बाती जिवंत नाही. ज्यांच्या अंगावर अस्सल वेइंगिया होतं अशा शेवटच्या बायका विसाव्या शतकातच गेल्या. उरलेत ते खणातले लिकू, दांडीला बांधलेले काटे आणि लिखित पुरावा. हा पुरावा जवळजवळ सगळा पुरुषांचा आणि परक्यांचा. ज्या गुहेत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, तिथल्या गोष्टीची नोंद नौदलाचे अधिकारी, पाद्री आणि संग्राहक यांनी ठेवलेली. बाईच्या सर्वांत खाजगी अंगावरची नक्षी एका परक्या पुरुषाच्या वहीत, आणि त्या वहीची प्रत आता कुणालाही पाहता येते.

मग काय करायचं? वहीतली नक्षी उचलून मोठ्या कॅनव्हासवर काढली तर ती लोकांसमोर येते, पण जिच्या अंगावर ती होती तिचा पडदा दुसऱ्यांदा फाटतो. नाही काढली तर विस्मरण पुढे चालू. आपल्या सोयीची नवी नक्षी करून तिला पूर्वजांचं नाव दिलं तर ते खोटं. आणि ‘फिजी’ एवढ्याच लेबलखाली असलेली नक्षी वापरायची, तर ती डोंगरातल्या कोणत्या कुळाची की किनाऱ्यावरच्या कुणाची? एका ठिकाणची खूण दुसऱ्या ठिकाणची मुलगी मिरवू शकते का? फिजीत गाव, कूळ आणि जमीन मिळून जे होतं त्याला वानुआ म्हणतात. वानुआवाचून खूण म्हणजे पत्त्यावाचून पत्र.

त्यांनी काय केलं

पहिली गोष्ट म्हणजे घाई केली नाही. प्रदर्शनाआधी त्या २०१५ मध्ये एकत्र सुवाला गेल्या. तिथलं फिजी म्युझियम १९०४ मध्ये स्थापन झालेलं, थर्स्टन गार्डनमधल्या जुन्या झाडांच्या सावलीत उभं आहे. संग्रह आणि कागदपत्रं त्यांनी एकत्र बसून पाहिली. ही गोष्ट कुणाला किरकोळ वाटेल, पण खणातली वस्तू एकट्या अभ्यासकाने पाहणं वेगळं आणि सात जणींनी भोवती बसून पाहणं वेगळं. एकीला धागा कळतो, दुसरीला गाठ, तिसरीला जुन्या नोंदीतला चुकीचा शब्द, चौथीला आजीने उच्चारलेली एखादी ओळ आठवते. ‘वेइ’ या उपसर्गाचा अर्थ तिथे पुन्हा खरा झाला. शतकभरानंतर लिकूभोवती फिजियन बायका गोल बसल्या होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी संशोधन झाकून ठेवलं नाही. सापडेल ते, अर्धवट असतानाच, त्या लोकांपुढे ठेवत गेल्या आणि फिजीतल्या व बाहेरच्या फिजियन बायकांना बोलतं करत गेल्या. पॅसिफिकमध्ये या ऐसपैस बोलण्याला तालानोआ म्हणतात. हा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो. कलाकाराला शेवटची वस्तू झळकवायची असते, प्रक्रिया नाही. इथे उलटं झालं. ज्या बायकांनी ‘वेइंगिया’ हा शब्दच ऐकला नव्हता, त्यांनी घरी जाऊन आजी-पणजीबद्दल विचारावं, हे कामाचं उद्दिष्ट झालं. नक्षी ओळखीची होण्याआधी प्रश्न ओळखीचा व्हायला हवा होता.

तिसरी गोष्ट माध्यमाची. प्रत्येकीने आपल्या हातातल्या साधनाने उत्तर दिलं. मासी करणारीने मासीतून, चित्रकाराने चित्रातून, लेखिकेने शब्दांतून. हे मला पटतं, कारण मासी आणि लिकू ही गोंदणाचीच भावंडं. तिन्हीच्या नक्षीकामात नातं आहे, तिन्ही बायकांच्या हातचं काम, आणि दाउम्बातीला मोबदलाही याच वस्तूंचा मिळे. कातडीचं ज्ञान तुटलं तरी कापडाचं तुटलेलं नव्हतं. फिजीत आजही मासी कुटली जाते, लग्नात नेसवली जाते. तुटलेल्या धाग्यापर्यंत न तुटलेल्या धाग्यावरून जाता येतं, हे या प्रदर्शनाने दाखवलं. माझ्या लेखी त्याची सर्वांत मोठी देणगी हीच.

कातडीकडे जाणं नंतर आलं. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या, पापुआ न्यू गिनीच्या मेकिओ वंशाच्या जुलिया मागेआउ ग्रे हाताने गोंदतात आणि मेलानेशियन, म्हणजे पापुआपासून फिजीपर्यंतच्या बेटांवरच्या, बायकांच्या खुणा परत आणण्यासाठी झटतात. फिजियन बायकांनीही त्यांच्याकडून खुणा करून घेतल्या. फिजियन गोंदण पापुआच्या बाईच्या हातून? काहींना हे खटकेल. पण फिजियन दाउम्बाती उरलेली नसताना शेजारच्या बेटावरची, बाईनेच बाईला गोंदायची परंपरा मानणारी बाई बोलावणं मला कुठल्याही शहरी दुकानातल्या यंत्रापेक्षा जास्त शास्त्रशुद्ध वाटतं. नियम नक्षीचा होताच, पण त्याहून आधी तो कुणी, कुणाला, कुणासमोर गोंदायचं याचा होता.

२०२१ मध्ये ख्राइस्टचर्चच्या फिजिक्स रूम या कलादालनात प्रकल्पाचं आणखी एक प्रदर्शन झालं. त्याच्या नावात ‘इलाकोलाको’ हा शब्द होता. त्याचा अर्थ प्रवास. इंग्लंडमध्येही याच काळात फिजीच्या संग्रहांकडे नव्याने पाहिलं जात होतं. कॅरन जेकब्स यांनी लिकू आणि वेइंगिया यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘गवताचा घागरा’ या चिठ्ठीला सज्जड उत्तर दिलं. विद्यापीठातलं संशोधन आणि कलाकारांचं संशोधन एकमेकांना पूरक ठरलं, हे क्वचित घडतं.

जिथे मला शंका वाटते

वानुआचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. परदेशात ‘फिजियन’ ही एकच ओळख पुरते, कारण तिथे शेजारी सामोअन, टोंगन, माओरी असतात. फिजीत तीच ओळख लगेच बेटाबेटांत, कुळाकुळांत वाटली जाते. डोंगरातल्या लोकांनी १८७६ पर्यंत ब्रिटिशांशी आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती सरदारांशी लढा दिला. त्यांचं गोंदण आणि किनाऱ्यावरचं गोंदण एकाच नावाखाली मांडताना काहीतरी सपाट होतं. या सात जणींना हे ठाऊक होतं असं त्यांच्या संथपणावरून वाटतं. पण त्यांच्यामागून येणारे, एखादी रेघ आवडली म्हणून दंडावर काढून घेणारे, तो संथपणा बाळगतील याची खात्री कोण देणार?

बाहेर जन्मलेल्या मुलांना फिजी नात्याचा एक शब्द देते, वासू. आईच्या गावावर तिच्या मुलांचा जो हक्क असतो तो वासू. आपल्या आजोळासारखं, फक्त हक्क जास्त पक्का. एके काळी थोर घराण्यातला वासू मामाच्या गावातली हवी ती वस्तू उचलू शकत असे. संग्रहालयातल्या लिकूकडे पाहताना मला हा शब्द आठवतो. या बायका तिथे अभ्यागत म्हणून जातात, परवानगी मागतात, हातमोजे घालतात. नात्याने पाहिलं तर त्या आजोळच्याच वस्तूसमोर उभ्या असतात.

आणि एक गोष्ट, जी या प्रकल्पाच्या बाहेरची आहे पण मला बाहेर ठेवता येत नाही. शेवटच्या दाउम्बाती हातातली अवजारं खाली ठेवत होत्या त्याच दशकांत, मे १८७९ मध्ये, लिओनिदास जहाज गिरमिटियांना, म्हणजे हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांना, घेऊन फिजीच्या लेव्हुका बंदराला लागलं. १९१६ पर्यंत ८७ फेऱ्यांमधून साठ हजारांहून अधिक माणसं उसाच्या मळ्यांवर आली. त्यांतल्या अनेक बायकांच्या हातांवर गोदना होता, उत्तर हिंदुस्थानातलं गोंदण. त्यांच्या पणत्याही आता ऑकलंड-सिडनीत आहेत आणि कलाकार आहेत. फिजीत जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या शिवांजनी लाल यांनी त्या ८७ फेऱ्यांची आठवण म्हणून प्लास्टरमधली उसाची कांडी उभी केली. एका बेटावर बायकांचं एक गोंदण मावळत होतं आणि बायकांचं दुसरं गोंदण बंदरात उतरत होतं. ब्रिटिश कारभाराने ईटाउकेई, म्हणजे मूळ फिजियन, आणि भारतीय वस्त्या वेगळ्या ठेवल्या, त्यामुळे हे दोन हात एकमेकांनी कितपत पाहिले असतील कुणास ठाऊक. लिकू शेजारी गोदन्याचा तो हात ठेवलेलं एखादं दालन, दोन्हीकडच्या पणत्यांनी मिळून मांडलेलं, मला पाहायचं आहे.